माया

ब्रासमधल्या त्या तळघराला खिडकी होती,
पण तिला आतून पुठ्ठा ठोकलेला.
मशीनचा आवाज गल्लीत जाऊ नये
म्हणून डॉन फर्मीन रेडिओ मोठ्यानं लावायचा.
सोळा मशीन आणि दिवसभर तीच एक कुंबिया.

ओरुरोहून साओ पावलोला आलो तेव्हा मी सहाची.
माझं अंथरूण कापायच्या टेबलाखाली.
वरून चिंध्या पडत,
मी त्यांची घरं मांडी:
जीनचं छप्पर, अस्तराचं अंगण,
आणि एक तुटकी चेन, ती पायवाट.

आई म्हणे, "अगदी रेघेवर कापू नकोस, सायवा.
माया सोड. बोटभर तरी.
माणूस अंगानं भरतं, बाई पोटुशी राहते,
उसवून मोठं होता आलं पाहिजे कापडाला."

एका पँटीमागं चाळीस सेंतावो.
रात्री दार बाहेरून बंद,
किल्ली फर्मीनच्या गळ्यात,
कोपाकाबानाच्या आईच्या पदकाला घासत वाजायची.

ते कसं सुटलं ते आई सांगत नाही.
मला आठवतं ते एवढंच
की एका पहाटे आम्ही दोघी चालत होतो
आणि तिच्या पोलक्यावर धागे होते,
निळे.

मग कागद. रांगा. शिक्के.
खिडकीमागच्या माणसानं माझं नाव चुकीचं लिहिलं,
दुरुस्तीला अकरा महिने.
चर्चच्या खालच्या खोलीत रात्रीचा वर्ग,
बाईयाच्या झुल्मीराबाई भूमिती शिकवायच्या.
"घनाचा उलगडा काढा," म्हणाल्या,
आणि वर्गात एकटी मी हसले.
बाही म्हणजे दुसरं काय असतं?

पहिल्यांदा नापास.
दुसऱ्यांदा सात गुणांनी.
मधल्या काळात चेनी बसवल्या, किती ते मोजलं नाही.
तिसऱ्या यादीत नाव होतं.
आईला पोर्तुगीज वाचता येत नाही,
तिनं नावावरून बोट फिरवलं,
शिवण सरळ आलीय का बघावं तसं.

आर्किटेक्चरच्या त्या इमारतीला दार नाही.
खरंच नाही. उतारावरून माणसं आत येतात,
धुकं येतं, एक लंगडं कुत्रं येतं.
पहिल्या दिवशी मी बाहेरच उभी,
कोण उघडेल याची वाट बघत.

पहिलं काम: लहानपणी झोपायचात ती जागा काढा,
एकास पन्नास.
मी टेबल काढलं. खालची उंची बहात्तर सेंटिमीटर.
पुठ्ठ्याची जाडी. सोळा मशीन, सोळा खुर्च्या.
सरांनी बराच वेळ पाहिलं.
"भिंतीभोवती ही कोरी पट्टी कसली?"
"माया," म्हणाले. "उसवायला."
"भिंती उसवत नाहीत," सर म्हणाले,
हळू, पण म्हणाले.
मी पट्टी खोडली नाही.
चार गुण कमी पडले.

घरी आता एकच मशीन आहे, आमचं,
उघड्या खिडकीशी.
आईनं टेपचा फास गळ्यातून काढला,
कागद मांडीवर घेतला, मोजायला लागली.
टेबलाजवळ थांबली, काही बोलली नाही.
मग एका फटीवर बोट.
"हे?"
"दार."
"किल्ली कुणाकडे?"

नकाशात ते दाखवायची खूण
आम्हाला अजून शिकवलेली नाही.