शिसपेन्सिलीचा बाण

फोनवर बाई म्हणाल्या, "पांढरी आहे, लांब आहे,
तिपाई लाकडाची. नीट दिसत नाही तिच्यातून,
म्हणून स्वस्तात."
म्हटलं, फोकसच्या चाकाखाली बघा,
वर्तुळात एखादं अक्षर आहे का, तांदळाएवढं?
बराच वेळ नुसता श्वास. चष्मा शोधल्याची खुडबूड.
मग : "आहे काहीतरी. माशी बसल्यासारखं."

त्या माशीसाठी मी नव्वद किलोमीटर गाडी हाकली.
मेटेघानला पोचलो तर धुकं
धक्क्यावरून चढून थेट अंगणात आलेलं,
सापळ्यांच्या ढिगावर बसलेलं.
एर्मेन कोमो दारात, हात पुसत.

धंदा माझा पियानो सुरात लावायचा.
जुन्या वस्तूच्या पोटात आधी नाकानं शिरायचं,
ही खोड तिथलीच.
पेटी उघडली : कापूर, आणि मेणासारखं घट्ट झालेलं ग्रीस.
सूर्याकडे बघायची काळी काच पहिल्यांदा खिशात घातली.
ही तापते, तडकते, डोळा घेऊन जाते.
हिचे पैसे लावू नका, मी फोडणार आहे.
बाई हसल्या. "तुम्ही गिऱ्हाईक की पोलीस?"

नळीला पोचा नाही.
मागून टॉर्च मारला : बुरशीचं जाळं नाही,
कडेला नखाएवढा टवका, तो चालतो.
पण भिंगाचं फुगीर पोट आत
आणि सपाट पाठ जगाकडे.
कडं फिरवलं. अडलं. पुन्हा फिरवलं.
दोन्ही काचा रुमालावर घेतल्या.
त्यांच्या धारेवर शिसपेन्सिलीचा एक बाण,
साठ वर्षांपूर्वी जपानात कुणीतरी
जेवणाच्या सुट्टीआधी घाईनं ओढलेला.
टोक आकाशाकडे हवं.
ते डोळ्याकडे होतं.

"ही कधी उघडली होती?"
"ऑरेलनं. कॉडची मासेमारी बंद झाली त्या हिवाळ्यात.
हाताला काम नाही, तर घरातलं सगळं पुसत सुटला.
चमचे, दिवे, ही.
मग एका रात्री शनी बघायला बाहेर गेला
आणि लगेच आत आला.
म्हणाला, कडं दिसत नाही. माझे डोळे गेले, एर्मेन.
डॉक्टरकडे जा म्हटलं, गेला नाही.
वसंतात होडी विकली.
आंधळ्यानं सुकाणू धरू नये म्हणाला."

किटलीखालचा गॅस मोठा होता, तो त्यांनी बारीक केला.

मी गप्प राहू शकलो असतो.
साठ डॉलर ठेवून, नळी कांबळ्यात गुंडाळून,
मागच्या सीटवर आडवी करून निघालो असतो.
पियानोत मेलेली उंदरं निघतात, घरधन्याला कुठं सांगतो मी?
पण बाईंनी रुमालावर वाकून विचारलं,
"हा बाण कसला?"
"दिशा," म्हटलं. "कुठली बाजू वर, ते."
"आणि आत्ता?"
मी काचा फिरवल्या, बसवल्या, कडं आवळलं.
एवढंच. दोन मिनिटांचं काम.

बाई भिंगाकडे बघत नव्हत्या.
माझ्या हाताकडे बघत होत्या,
तो इतक्या लवकर मोकळा झाला म्हणून असेल.
"म्हणजे डोळे चांगले होते त्याचे."
मी मान हलवली की नाही, आठवत नाही.

चहा झाला. पैसे पुढे केले,
साठ नव्हे, तीनशे. खरी किंमत तीच.
त्यांनी नोटा मोजल्या, सारख्या केल्या,
परत माझ्या कोटाच्या खिशात कोंबल्या.
"विकायची नाही."

गाडी सुरू केली तेव्हा काचेवर टकटक.
"शनी हल्ली कुठल्या बाजूला असतो?"
मी धुक्यात हात केला, अंदाजानं.
"तिकडे तर बर्फाचा कारखाना आहे," बाई म्हणाल्या,
आणि तरीही
तिकडेच बघत उभ्या राहिल्या.