मागून काही?

आर्विड लाह्टीने गॅरेजचं शटर वर ढकललं
आणि दिवा लागायच्या आधीच मी तिला ओळखलं.

निळी मस्टँग. आठ सिलिंडर.
सरोवरावरचा वारा माझ्या पाठोपाठ आत घुसला,
टेबलावरचे कागद उडाले,
त्यातला एक त्याने बुटाखाली दाबून धरला:
टायटल. त्यावर शिक्का, सॅल्व्हेज.
"शिक्क्याला काय भ्यायचं," तो म्हणाला,
"विमावाल्यांना हल्ली शिंक आली तरी गाडी भंगारात."

चौदा हजार दोनशे.
बिनशिक्क्याची हीच गाडी सत्तावीसला जाते.
मधले जे पावणेतेरा
ते कुठे मुरले, एवढंच शोधायचं असतं.

मी लोहचुंबक आणलं होतं, फडक्यात गुंडाळून.
छताला चिकटलं. डाव्या दाराला चिकटलं.
मागच्या उजव्या चाकावरच्या पत्र्याला मात्र
ओळख दाखवेना.

"पुढून हलकासा मार," आर्विड सांगत होता,
"बंपर, रेडिएटर, एक दिवा.
बाकी कारखान्यातून निघाली तशी."
मी मान डोलावली.

गेल्या मार्चमध्ये पहाटे सव्वातीनला
क्लोकेच्या पुढच्या वळणावर
हिला मी माझ्या टो ट्रकवर ओढून घेतलं होतं.
उलटी फिरून खड्ड्यात बसलेली,
मागचं उजवं चाक पोटाखाली दुमडलेलं,
झोपलेल्या कुत्र्याच्या पायासारखं.
थंडीने माझी बोटं बधिर. हुक निसटला
आणि खालच्या आडव्या तुळईवर
वीतभर ओरखडा उठला.

पोरगा गार्डरेलवर बसला होता, धडधाकट,
खांद्यावर पोलिसांचं ब्लँकेट,
सूर्यफुलाच्या बिया सोलत.
"चालू होईल ना ती?" तीनदा विचारलं त्याने.
आईला फोन करायचं एकदाही सुचलं नाही.
होईल की, मी म्हणाले.
आम्ही सगळ्यांनाच असं म्हणतो.

आर्विडने चावी दिली.
इंजिन जागं झालं आणि माझ्या मानेवर काटा आला.
खोटं कशाला बोलू, हवीशी झाली.
बावीस वर्षं दुसऱ्यांच्या मोडक्या गाड्या
पन्नासच्या वेगाने पोचवते आहे.
स्वतःच्या गाडीकडून एकच मागणं असायचं:
तिला न्यायला कुणी यायला लागू नये.

हायवेवर पासष्टला स्टिअरिंग सोडून पाहिलं.
नाकासमोर गेली.
परत येऊन, टॉर्च दातात धरून, खाली सरकले.
वेल्डिंगचे टाके एकसारखे,
मन लावून घातलेले.
मिठाने गंजू नये म्हणून सगळीकडे काळा लेप.
आणि त्या लेपाखाली, बोट फिरवलं तर लागेल असा,
माझा ओरखडा.

काम चोख. जीभ तेवढी लबाड.

त्या रात्रीचे फोटो माझ्या फोनमध्ये आहेत,
नियमच आहे, चारही बाजूंनी काढायचे.
टेबलावर ठेवले तर तीन हजार तरी सुटतील.
झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात.
इथे दोघांच्याही मुठी झाकलेल्या,
आणि मध्ये ती निळी, कोमट, टिकटिकत थंड होणारी.

पण ज्याने चाक लपवलं
त्याने एअरबॅगच्या जागी काय भरलं असेल?
चिंध्या भरलेल्याही पाहिल्यात मी.
शिवून वर झाकण लावलेलं, इतकं सुबक
की हात फिरवावासा वाटावा.

अंगावरची धूळ झटकली.
"आणि मागून काही?" मी विचारलं,
हवापाण्याचं विचारावं तसं.

आर्विड फडक्याला हात पुसू लागला.
हात स्वच्छ होते.
उत्तर ओठावर यायच्या आधी
त्याची नजर उजव्या चाकाकडे गेली आणि तिथेच राहिली.
शटरखालून बर्फाची भुकटी आत येत होती.
माझ्या जाकिटाची आतली चेन अर्धी उघडी,
बोट तिच्यावर.

थांबले.
घे, आर्विड. वेळ घे.