बोर्डर

तिकडं दुपार असते तेव्हा अनगोळच्या या दुसऱ्या मजल्यावर
रात्रीचा दीड वाजलेला असतो,
आणि डेल हॅकेट माझ्या कानात खाकरतो.
ओहायोचा माणूस. रेडिओवर रोज तीन तास बोलतो.
यंत्र त्याचं बोलणं टिपतं,
यंत्राच्या चुका मी वेचते,
तांदळातले खडे वेचावेत तशा,
मिनिटाला चार रुपये.

सहा वर्षं झाली. त्याचं खाकरणं
मला नवऱ्याच्या खोकल्याहून जास्त ओळखीचं.
गिरणी बंद पडलेल्या गावाबद्दल बोलताना
त्याचा आवाज जड होतो, ते खोटं नसतं.
खोटं असतं तेव्हा तो आधी 'मित्रांनो' म्हणतो.
म्हणतो, जेवणाच्या टेबलावरून बाप उठून गेला
आणि त्या खुर्चीत सरकार येऊन बसलं.
म्हणतो, राजधानीचे पत्रकार आमच्या गावावरून
विमानानं जातात, खाली बघत नाहीत.
इथं मी स्वल्पविराम घालते आणि मान हलवते.
आमच्याकडं तर ते उतरतात,
एक नोव्हेंबरला, बेंगळुरूचे आणि मुंबईचेही,
काळ्या फिती मोजतात, लाल-पिवळे झेंडे मोजतात,
कुंदा बांधून घेतात
आणि संध्याकाळी परत.

बुधवारी तो भाषेवर आला.
या भूमीत जो येईल त्यानं इथली भाषा बोलावी,
दुकानाच्या पाटीवर तीच, कचेरीत तीच.
साधं वाक्य. दुरुस्तीला काही नव्हतं.
तरी चारदा मागं नेऊन ऐकलं.
हे मी मोर्चात ऐकलंय.
मोर्चावर लाठ्या घेऊन आलेल्यांकडूनही ऐकलंय,
शब्दाला शब्द.
अप्पा याच वाक्यासाठी अकरा दिवस हिंडलग्याला आत होते,
किंवा याच वाक्याविरुद्ध,
त्यांनाही आता नीट सांगता येत नाही.

मग लारेडोहून एका म्हातारीचा फोन आला.
तुटक इंग्रजीत म्हणाली, येणार कुठून आम्ही?
माझ्या आजीची आजी इथंच शेळ्या राखायची.
रेघ नंतर आली.
डेल म्हणाला, बाई, तुमचा मला आदर आहे,
आणि फोन कापला.
त्याआधी तिनं घेतलेला श्वास स्पष्ट ऐकू येत होता.
श्वासाला नियम नाही. कापण्याला आहे.
चौकटी कंसात लिहिलं: [कॉल संपला].

शेवटच्या तासाला तो तापला. बॉर्डर राखा, म्हणाला,
आपली बॉर्डर, नाहीतर देश कसला!
यंत्रानं ऐकलं बोर्डर.
एका अक्षराचा फरक, आणि पडद्यावर
अख्खी अमेरिका एकमेकांना सांगत होती
की आपले भाडेकरू सांभाळा.

वडगावात आमच्या माडीवर बसव्वा राहते,
सुळेभावीची, मागावर जाते,
भाडं कधी वेळेवर नाही.
मी कामाला निघाले की जिन्यातून विचारते,
ऊटा आतेन्री?
मी म्हणते, झालं की, तुमचं?
अप्पा तिला कन्नडात उत्तर देतात,
पण मी घरात नसताना.

ते अक्षर मी तसंच ठेवलं.

पहाटे इरण्णाचा फोन.
तक्रार आलीय मॅडम, तुमच्याकडनं अशी चूक?
पन्नास रुपये कापले.
कापा, म्हटलं.

घरी आले तर अप्पा मोरीपाशी दात घासत होते.
काय म्हणतोय तुझा अमेरिकावाला?
सगळं सांगितलं, गिरणी, पाट्या, म्हातारी.
पन्नास रुपयांचं नाही सांगितलं.
त्यांनी चूळ भरली, थुंकली, परत भरली.
माणूस सरळ आहे, म्हणाले.
मग बराच वेळ टॉवेल शोधत राहिले,
तो खांद्यावरच होता.

ती लारेडोवाली, म्हणाले,
तिला परत फोन लागतो काय गं?