भाराची रेघ

तहसीलच्या व्हरांड्यातली पाटी, आठ बाय चार,
निळ्या पत्र्यावर पांढरं एनॅमल:
नागरिकांची सनद.
अव्वल कारकून म्हणाले, दिवसांचा रकाना जरा फिका काढ.
आणि टांगायला कपाटामागची भिंत बघ,
तिथं ओल कमी आहे.

मी मूळचा बोटी रंगवणारा.
मालवणच्या धक्क्यावर अर्ध्या ट्रॉलरांची नावं माझ्या हातची,
माझ्या 'ळ'ची पोटं मोठी, लांबून ओळखू येतात.
नाव काढतो, नंबर काढतो,
आणि सगळ्यात शेवटी, पुळणीत उकिडवं बसून,
कुशीला एक रेघ.
इथवर पाणी चढेपर्यंत भरा. मग पुरे.
त्या रेघेपुढे कोणी नारळ फोडत नाही.

एकदा एक मालक म्हणाला, वीतभर वर घे रे,
बांगडो मोप गावताहा.
मी घेतली. वरचे पैसेही घेतले.
त्या बोटीचं नाव इथं लिहीत नाही.

तर फिकं काही काढलं नाही.
सेवा. किती दिवस. जबाबदार कोण.
तीन रकाने, दोरी ताणून आखलेले.

सनद हा शब्द आम्हाला नवा नव्हता.
ती खोताकडे असायची, आमच्याकडे तिचा धाक.
पणज्याने सनद कधी पाहिली नाही,
तिच्या नावाने अंगणातून भात जाताना तेवढं पाहिलं.
तोच शब्द मी आता फूटभर उंच काढत होतो
आणि ह्या खेपेला बांधलेला माणूस
खुर्चीत होता, पंख्याखाली.
मुलीच्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर असते ती मोठी रेघ.
ही तिचीच धाकटी,
तालुक्यापुरती.

रंग ओला होता तेव्हाच सुलोचना खवणेकर आली,
टोपली दाराबाहेर ठेवून.
नवऱ्यामागे सुकटीच्या खळ्यावर नाव चढायचं होतं,
तीन नारळीपुनवा झाल्या, साहेब दौऱ्यावर.
तिने एकेका अक्षरावर बोट ठेवलं.
अगो, ओलं आहे, म्हणेपर्यंत
'तीस'चा 'ती' फरफटला.
"तीस म्हणजे तीसच मा?"
तीसच.
"पाटयेर सायबाचो दौरो खय लिवलेलो नाय."
नाही लिहिलेला.
पदराला रंग पुसून ती अर्ज द्यायला आत गेली.
तो 'ती' मी नीट केला नाही.

रेघ समुद्र अडवत नाही, हे मला ठाऊक आहे.
ती बोट वाचवत नाही, तांडेलाला शहाणपण देत नाही.
ती बुडाली की कळतं, कुणीतरी जादा भरलंय.
तेही धक्क्यावर कोणी बघत उभं असेल तर.

एकतिसाव्या दिवशी मी बिलासाठी गेलो
(पेंटरचं बिल किती दिवसांत, हे सनदेत नाही,
रंगवताना लक्षात आलं होतं, पण हात आखडला).
पाटी लागली होती समोरच,
कपाटामागे मावली नाही म्हणून.
खाली सुलोचना, आणि रापणीवरच्या अकरा बायका,
टोपल्यांसकट. शिपाई नाकाला रुमाल लावून.

"शेवटची वळ माका दिसना नाय. तू लिवलंस, तू वाच."
जागा संपली होती म्हणून ती मी बारीक काढली होती,
पत्र्याच्या अगदी कडेला, एक नंबरच्या ब्रशने:
मुदतीत काम न झाल्यास दाद कोणाकडे.

मी हळू वाचलं.
"मोठ्यान," ती म्हणाली.

बोटींवर लिहिलेलं वाचून दाखवायची वेळ
माझ्यावर आजवर आली नव्हती.
घसा खाकरला.
आत पंख्याखाली एक खुर्ची करकरली.
मी पहिल्या शब्दापासून पुन्हा सुरू केलं.