नणंदेची गाडी

माझी चार सिलिंडरची, तिची दोनच.
एवढ्यावरून आमच्या घरात
दोन दिवाळ्यांची अभ्यंगस्नानं उशिरा झाली,
आणि सराफ्यात रात्री दीड वाजता
गराडूची प्लेट थंड झाली, ती वेगळीच.

पलासियाच्या सिग्नलला माझी उभी असली
की वाटतं, दाराआड कुणी तंबोरा लावतंय.
विभावरीची उभी असली की
खलबत्त्यात कुणी सुंठ कुटतंय.
"कुटते तरी," ती म्हणते.
"तुझी नुसती लावतच बसते, वहिनी.
गाणं कधी सुरू व्हायचं?"

डिसेंबर, सकाळचे सात.
नाशिकला जाऊबाईंच्या नातवाचं बारसं.
दोघींच्या बाजूच्या डब्यांत तीन-तीन साड्या,
बाळासाठी वाळे, एक पंक्चरचं किट.
तिच्या डब्याचं झाकण एका हाताने लागतं,
माझ्यावर चक्क बसावं लागतं. कबूल.
माझी चेन दर पाचशे किलोमीटरला तेल मागते,
तिला शाफ्ट आहे, मागणंच नाही. तेही कबूल.
पण राऊ सोडून रस्ता मोकळा झाला
की माझी सहाव्या गिअरला शंभरावर अशी जाते
की आरशात मागचा ट्रक स्वच्छ दिसतो,
त्याच्या कपाळावरचं लिंबूसुद्धा.
तिच्या आरशात ट्रक म्हणजे
ओल्या कागदावरची शाई.

मानपूरच्या घाटात मात्र ती पुढे निघून गेली.
वळण आलं, तिसराच ठेवला,
क्लचला हातसुद्धा न लावता.
मी दुसरा टाकला, तिसरा, परत दुसरा,
मेथी निवडावी तसे गिअर निवडत बसले.

खलघाट.
धुकं एवढं, की पुलाखाली नर्मदा आहे
हे विश्वासावर घ्यायचं.
टपरीवर तिने पोह्यांवर जिरावण टाकलं,
बोटं कागदाला पुसली
आणि काही न बोलता
किल्ली माझ्याकडे सरकवली.
मीही सरकवली.
"फक्त ठीकरीपर्यंत," ती म्हणाली.

ठीकरी आली. गेली.
जुलवानियाच्या फाट्यावर
कुणीच ब्रेक लावला नाही.
तिच्या उंच काचेमागे वारा
खांद्यावरून परस्पर निघून जात होता,
आणि माझी मान,
जी अठरा वर्षं लोकांच्या दाढांवर वाकली,
ती चक्क सरळ होती.
इंजिनाचे ठोके मांडीतून पोटात येत होते,
दांडगट, पण ओळखीचे,
गर्दीत कुणी पाठीवर थाप मारावी तसे.
उजव्या गुडघ्याला गरम हवा लागते
ही तक्रार मीच गेली तीन वर्षं करत होते.
डिसेंबरात केली नव्हती.

पुढे माझी गाडी.
तिला पाठमोरी मी कधी पाहिलीच नव्हती.
कमरेत किती बारीक आहे!
आणि तिच्यावर विभावरी,
देवासच्या शाळेत दिवसभर
पोरांना "ताठ बसा" म्हणणारी,
टाकीवर अशी ओणवलेली
जशी मांजराच्या कानात काही सांगतेय.

बिजासनचा घाट उतरलो, शिरपूरला पंप लागला.
तिच्या गाडीत साडेनऊ लिटर बसलं,
माझीत अकरा.
याच्यावर ती काही बोलली नाही
तेव्हाच मला शंका आली.
"कशी वाटली?"
"मनगटं गेली," ती म्हणाली.
पण मनगटं चोळत नव्हती.
"तुला?"
"हादरते फार," मी म्हटलं,
आणि हात जॅकेटच्या खिशात घातले,
जिथे तिची किल्ली होती.

नाशिक अजून दोनशे दहा.
ऊन आता हँडलवर आलं होतं,
दोन्ही हँडलांवर सारखंच.
"धुळ्यापर्यंत," मी म्हटलं.
"धुळ्यापर्यंतच," ती म्हणाली.
दोघींनाही ठाऊक होतं
धुळ्याला बायपास आहे.