तळटीप क्रमांक सात

मे महिन्यात, बारावीच्या आधी,
वर्गातले सगळे सीईटीच्या क्लासला गेले तेव्हा
मी यहुदी अभ्यासाचे दोन क्रेडिट घ्यायला
नळ स्टॉपला उतरत होते.
पातळी पदवीची, वय सतरा,
हजेरी पंच्याहत्तर टक्के सक्तीची.

चौदा जण. यहुदी मी एकटी.
ढमढेरेला प्रमाणपत्र हवं होतं, परदेशी जायचंय.
फरहीन इनामदार नुसती अक्षरं आवडली म्हणून आली
आणि आठवड्यात माझ्या पुढे गेली.
उजवीकडून डावीकडे जायची
तिच्या हाताला लहानपणापासून सवय.
माझा हात दर ओळीला
चुकीच्या समासाशी जाऊन उभा.

रेगे मॅडम फळ्यावर लिहीत:
आलेफ, बेथ, गिमेल.
या अक्षरांना शिरोरेषा नाही.
दोरी कुणीतरी सोडून नेली
आणि कपडे तसेच हवेत राहिले.
एकटा लामेद मान वर काढून
दोरी गेली कुठे ते बघतोय.

दुसऱ्या आठवड्यात आम्ही आलो,
म्हणजे आमचा धडा आला.
फुटलेलं गलबत, नवगावचा किनारा,
वाचलेले सात पुरुष, सात बायका,
शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली.
मॅडम म्हणाल्या, "आख्यायिका. लेखी पुरावा बराच नंतरचा."
तेरा पेनं लिहायला लागली.
मी टोपण लावलं, काढलं, लावलं.

चाचणीत लिहिलं: आमच्या घरी मलिदा करतात,
पोहे, गूळ, खोबरं, वेलची, भोवती पाच फळं,
एलियाहू हनाबीचं नाव घेऊन.
पाचपैकी दोन.
शेजारी तांबड्या शाईत: "संदर्भ?"

संदर्भ रास्ता पेठेत राहतो.
दुसरा मजला, चौकटीवर तिरका मेझुझा,
शेगुला आत्या, टेलिफोन खात्यातून निवृत्त.
दोनशे पानी वही, अर्धी सिलिंडरच्या तारखांची,
उरलेल्या अर्धीत प्रार्थना,
भाषा हिब्रू, अक्षर देवनागरी,
शिरोरेषेवर नीट वाळत घातलेली.
अर्थ कुठेच नाही.
"अर्थ त्याला माहीत आहे ना? मग झालं."

शुक्रवारी तिनं दिवे लावले, डोळ्यांवर हात धरले
आणि म्हणाली, "वेसिवानू".
मी त्याच क्षणी, नव्या अकलेनं, "वेत्सिवानू".
दोन शब्द एका दारात
खांद्याला खांदा अडकून राहिले.
तिनं हात काढले नाहीत.
बोटांमागून विचारलं,
"कुणी सांगितलं?"
"मॅडमनी. ते अक्षर त्सादी आहे."
"आपल्यातल्या आहेत का?"
"नाही. सदाशिव पेठेतल्या."
"हां. मग त्यांचं शुद्धच असणार."
आणि पहिल्यापासून म्हटलं, सावकाश,
त्या 'सि'वर जरा जास्तच थांबून.

सोमवारी मी मॅडमना विचारलं, बरोबर कुठलं?
त्यांनी खडू खाली ठेवला.
"दोन पोथ्यांत असा फरक आला
तर आम्ही लगेच चूक म्हणत नाही,
पाठभेद म्हणतो.
आत्या कुठली प्रत वापरतात?"
"तिच्या आजीची."
"आणि आजी?"
"आष्टमीची होती. पेणला दिलेली.
तिला लिहिता येत नव्हतं."
पंखा आवाज करत होता. ढमढेरे भ्रमणध्वनीत.
मॅडम खिडकीकडे बघत म्हणाल्या,
"हे कुणीतरी वेळेवर टिपून ठेवायला हवं होतं,"
आणि मग, मला वाटतं, थोड्या ओशाळल्या,
कारण टिपणारे कोण, ते वर्गात बसले होते.

अंतिम निबंध, बारा पानं.
तळटीप सात:
श्रीमती शेगुला आष्टमकर, वय ८२,
रास्ता पेठ, पुणे. तोंडी.
दिवे लावताना, डोळे झाकलेले असताना.
पृष्ठ क्रमांक उपलब्ध नाही.

आत्यानं चष्मा लावून ती तेवढीच टीप वाचली,
बाकीची पानं उलटलीही नाहीत.
"एक्याऐंशी," म्हणाली.
"पुरावा द्यायचा तर नीट दे."