नखभर

आधी त्याने खडू बघितला.
मग काठीचं टोक अंगठ्याने चाचपलं,
पांढरा बॉल सदऱ्याला पुसून दिव्याखाली धरला,
आणि विचारलं, कोणालाच नाही असं:
का फुटत नाहीत?

कालबायोगच्या धक्क्यामागे, मासळीबाजाराच्या पाठीला,
त्रिनिंगबाईंच्या पत्र्याखाली एकच टेबल,
आणि प्रत्येकाकडे एक उत्तर.
बर्फवाला म्हणाला, समुद्राची हवा, कापड पाणी प्यायलंय.
तिकीटवाला म्हणाला, बॉल मळलेत,
भेटले की एकमेकांना सोडत नाहीत, साबणाने धुवा.
तातय इस्कोंग, ज्यांनी पायाखाली पाचरी मारून
ते टेबल तीनदा सरळ केलं होतं, म्हणाले,
पांढरा उड्या मारत जातोय.
पोचतो तेव्हा हवेत असतो. अर्धा जोर वरूनच सांडतो.
मागून कोणीतरी: नाचता येईना, अंगण वाकडं.

सगळ्यांचं खरं होतं.
पण अंगण वाकडं मी केलं होतं.

मी दहा वर्षांचा. हाताला पावडर,
पायाखाली सोड्याच्या बाटल्यांची पेटी.
पंधरा बॉल त्रिकोणात लावायचे, एवढंच काम.

घट्ट कसे लावायचे ते मला येत होतं.
बोटं मागून आत घालायची, सगळा घोळका पुढे रेटायचा,
श्वास धरायचा,
त्रिकोण उचलताना मनगट हलू द्यायचं नाही.
मग प्रत्येकाचा खांदा दुसऱ्याच्या खांद्याला.
पहिल्याला लागलं की पंधराव्याला कळतं,
मधे वेळच जात नाही.
तसे बॉल फुटले की
बाहेर जाळी विणणाऱ्या बायका मान वर करायच्या.

सैल कसे लावायचे तेही येत होतं.
ते त्रिनिंगबाईंनी शिकवलं, दोन पावांच्या बदल्यात,
आवाज न चढवता:
पहिल्याच्या मागे. नखभर.
उभ्या माणसाला दिसत नाही.
माझे डोळे टेबलाच्या काठाला लागायचे,
मला दिसायचा पलीकडचा उजेड, एक रेघ.

त्या रेघेत सेब्योच्या खांद्याचं सगळं बळ मावलं.
सेबूच्या बोटीवर चार महिने शिजवलेला भात मावला.
पहिला बॉल मागे सरकायचा, दुसऱ्याला उशिरा भेटायचा,
दुसरा तिसऱ्याला निरोप अर्धाच सांगायचा,
आणि जोर आतल्या आत जिरायचा.
दोन-चार बाहेर यायचे, लाजल्यासारखे.
बाकीचे तिथेच,
बाजार उठल्यावरही बोलत उभे असल्यासारखे.

पुढे खूप वर्षं मी यावर विचार केला.
जे घट्ट धरून असतात तेच लांब उडतात.
मधे फट असली की फूट पडत नाही.
माणसांचं उलटं असतं म्हणतात.
मला माहीत नाही, मी बॉलच लावले जन्मभर.

सेब्यो सात वेळा हरला.
प्रत्येक वेळी बाईंचा भाचा जोव्हेन
त्या गचपणातून एकेक बॉल निवांत वेचायचा,
गचपणाची सवय असल्यासारखा.
सातव्यानंतर सेब्यो माझ्याकडे वळला.
बोट लागली की तो मला तळलेली केळी आणायचा,
साखरेने चिकट झालेल्या कागदात.
म्हणाला, तू तर नीट लावतोस.
म्हणजे माझाच हात गेला.
आणि घड्याळ काढून टेबलाच्या कडेवर ठेवलं.

आठव्यांदा मी श्वास धरला.
बाई बघत होत्या. बोटं मागून घातली. रेटली.

फुटले.
पत्र्यावर कोणी नारळ ओतावेत तसा आवाज.
चौदा नंबर दोनदा भिंतींना जाऊन परत आला,
टेबलाचा एक कोपरा रिकामा राहिला नाही.
आणि पडला एकही नाही.
सगळे मोकळे, सगळे सोपे,
जोव्हेनने उभ्या उभ्या संपवले.

घड्याळ गेलं.
पण सेब्यो धक्क्याकडे जाताना
आपल्या उजव्या हाताकडे बघत होता,
पाहुणा परत आल्यासारखा.

मला त्या रात्री पाव मिळाला नाही.
अंगठ्याचं नख कुरतडत घरी गेलो,
पार मुळापर्यंत.